जमिनीलगतची खाट

नानपुरा, सुरत
१२ सप्टेंबर १९६९

ती. अण्णा यांस,
विनायकचा सा. न. वि. वि.

आज पहाटे उठून पाणी भरले. शेजारच्या शोभाबाईंनी पोळी-भाजी पाठवली, ती डब्यात घालून कचेरीत गेलो. साहेबांनी दुपारी घरी जायला सांगितले, मी गेलो नाही. सहा वाजता परत आलो. कालपर्यंत घरात पाहुणे होते. काल तेरावा झाला आणि रात्रीच्या गाडीने सगळे गेले. आज घरात मी एकटाच आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

सुनंदा गेल्याचे कार्ड मी त्याच दिवशी टाकले होते. तुमच्याकडून काही आले नाही, तेव्हा ते पोचले की नाही अशी शंका येते. माझा हात चालत नव्हता. खाली राहणारे जरीवाले सांगत गेले तसे मी लिहीत गेलो. इकडे मृत्यूच्या कार्डावर सुरुवातीलाच 'कपडां उतारी वांचजो' असे घालतात. कपडे उतरवून वाचावे, वाचून लगेच स्नान करावे, आणि कार्ड फाडून टाकावे, घरात ठेवू नये, असा त्याचा अर्थ. मीही मराठीत तसेच लिहिले. तुम्हाला ते विचित्र वाटले असेल तर माफ करावे.

दुखणे पोटाचे होते. आषाढापासून अन्न जात नव्हते. तुम्हाला कळवायचे मी दोनदा ठरवले, तिने कळवू दिले नाही. "अण्णाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, ते होऊ दे, मग लिहा," म्हणाली. श्रावणात तिला इस्पितळात ठेवले. तिथून ती घरी आली नाही.

पाचव्या दिवशी तुमचे तिच्या नावाचे पत्र आले. मी उघडले. तिने विचारलेल्या शब्दाचे उत्तर ऑपरेशन झाल्यावर सावकाश देतो, डोळ्यांना पट्टी असताना दुसरा उद्योग काय, असे तुम्ही लिहिले आहे.

आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्ही जाणता. तिला लहानपणापासून ओळखणारे आता तुम्हा एका भावाशिवाय कोणी उरलेले नाही. इथे लोक भेटायला आले, चांगले बोलले, पण त्यांना ती रेग्यांची बायको म्हणूनच ठाऊक होती. तुम्हाला प्रवास झेपणार नाही हे मला कळते. कोणाकडून तरी दोन ओळी लिहवून पाठवाव्यात. तेवढीच वाट पाहतो आहे.

आपला,
विनायक रेगे

*

मडगाव, गोवा
१८ सप्टेंबर १९६९

ती. काकांस,
उज्ज्वलाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी मामंजींना न सांगता लिहिते आहे. माझा फार मोठा अपराध झाला आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

तुमचे कार्ड आले त्याच दिवशी आम्ही मामंजींना दवाखान्यातून घरी आणले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. त्यांची पत्रे मीच वाचून दाखवते. कार्ड मी पडवीत वाचले. आत्या गेल्या हे कळले तेव्हा आतून मामंजी विचारत होते, "कोणाचं गो?" मी म्हटले, "वीजखात्याचं." मग विहिरीवर जाऊन अंघोळ केली आणि आमच्याकडेही पद्धत आहे त्याप्रमाणे कार्ड फाडून माडाच्या आळ्यात टाकले. फाडल्यावर मला वाटले, आता हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही.

डॉक्टरांनी बजावून सांगितले आहे की रडले तर टाके उसवतील आणि डोळा जाईल. प्रकाश म्हणाले, "बाबांना निदान दिवाळीपर्यंत सांगू नकोस." तुमचे परवाचे पत्रही मी एकटीनेच वाचले. दोन ओळी मागितल्या आहेत तुम्ही. त्या मी कशा लिहवून घेऊ?

मामंजी रोज विचारतात, सुरतेचे पत्र आले का. मी सांगून टाकले आहे की पापड लाटताना आत्यांचा उजवा हात मुरगळला आहे, त्यांना लिहिता येत नाही. आज त्यांनी आत्यांना मोठे पत्र सांगितले आणि मी ते लिहून घेतले. सोबत पाठवते आहे. काका, तुम्ही काहीतरी उत्तर द्या. माझ्या मनाने रचून वाचून दाखवायला गेले तर त्यांना लगेच कळेल, त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे बोलणे तोलले आहे.

आपली,
उज्ज्वला

*

मडगाव
१८ सप्टेंबर १९६९

चि. सौ. सुनू हिस अनेक आशीर्वाद.

अक्षर उज्ज्वलाचे, जीभ माझी. ऑपरेशन एका डोळ्याचे, पट्टी मात्र दोन्हींवर. डॉक्टर म्हणतो, एक हलला की दुसरा हलतो. हसायचे नाही, खोकायचे नाही, वाकायचे नाही, रडायचे तर मुळीच नाही. मी म्हटले, "डॉक्टर, तीस वर्षं कोर्टात दुभाषी होतो. दोन्ही पक्षांचं रडणं पोर्तुगीजमध्ये करून दिलं, स्वतः एकदाही रडलो नाही." तर म्हणतो, "बोलायचंही कमी."

तू हात मुरगळून घेतलास. पापड लाटायला कोणी सांगितले होते? विनायकरावांना म्हणावे, बायकोच्या वतीने तरी चार ओळींच्या वर लिहा. त्यांचे पत्र म्हणजे कचेरीतला शेरा असतो: 'पाहिले. सर्व ठीक. विनायक.'

आता तुझा शब्द. कामा म्हणजे खाट, बिछाना. पोर्तुगीजमध्ये कामा, स्पॅनिशमध्ये कामा आणि लॅटिनमध्येही कामाच. असे फार क्वचित घडते. आईकडून लेकीकडे जाताना शब्द सहसा काहीतरी वाटेत टाकून जातो, हा जसाच्या तसा गेला. पण गंमत पुढेच आहे. जुन्या रोमन लोकांना हा शब्द ठाऊकच नव्हता, ते खाटेला लेक्तुस म्हणत. कामा भेटतो तो थेट स्पेनमधल्या एका बिशपाच्या लिखाणात, सुमारे तेराशे वर्षांपूर्वी. तो सांगतो, कामा म्हणजे आखूड, जमिनीलगतची खाट, कारण ग्रीक भाषेत खामाय म्हणजे जमिनीवर. लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, आमचे लॅटिनचे पाद्री हे फार रंगवून शिकवीत आणि शेवटी म्हणत, "पोरांनो, बिशपावर विश्वास ठेवू नका, त्याला प्रत्येक शब्दाचा बाप सापडतो." त्याच बिशपाने खमीसही खाटेतून काढला आहे. घालून झोपतात ती कामिसा!

बाकीचे पंडित म्हणतात, हे सगळे थोतांड. रोमन यायच्या आधी त्या डोंगरांत जी माणसे राहत होती त्यांचा हा शब्द असावा. ती माणसे गेली, त्यांची भाषा गेली, ते काय खात, कोणाला भजत, काही मागे राहिले नाही. नुसती खाट राहिली. तेव्हा मूळ कुठले, तर कोणालाच ठाऊक नाही, हे उत्तर. शिकलेल्या माणसाचे उत्तर नेहमी असेच निघते.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलाशी याचा काही संबंध नाही, ते पारशाचे आडनाव. विनायकराव नक्की विचारतील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि तू हा शब्द ऐकलास कुठे? सुरतेत तुझ्याशी पोर्तुगीज बोलणारा कोण निघाला? कळव.

तुझा,
अण्णा

*

सुरत
२७ सप्टेंबर १९६९

ती. अण्णा यांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. मी ते मोठ्याने वाचले. मध्ये कोणी बोलले नाही.

सुनंदाला आता दुखत नाही. तापीला पाणी बरेच आहे, पण गेल्या वर्षी पुरात घरात शिरले तसे यंदा नाही. कचेरीत काम बेताचे आहे. घर शांत आहे. शोभाबाई रोज पोळ्या पाठवतात, त्यामुळे स्वयंपाकाची अडचण पडत नाही.

कामा हॉस्पिटलाचे मी खरेच विचारणार होतो.

तो शब्द तिने एका दमणच्या बाईकडून ऐकला. ती बाई पोर्तुगीज अमदानीत वाढलेली आहे. बोलते गुजरातीच, पण खाटेला कामा म्हणते.

डोळ्याला जपावे. आम्हाला तेच हवे आहे.

आपला,
विनायक

*

(त्याच पाकिटात)

चि. सौ. उज्ज्वला हिस आशीर्वाद.

अण्णांना लिहिलेल्या पत्रातले एकही वाक्य खोटे नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. तसे लिहिले तरच हात चालत होता. पण असे पत्र दुसऱ्यांदा लिहायला मला सांगू नकोस.

कार्ड फाडलेस ते रीतीप्रमाणेच केलेस. मीच त्यावर तसे लिहिले होते. तुला दोष देत नाही.

ती दमणची बाई म्हणजे इस्पितळातली म्हातारी नर्स. सुनंदा एकदा खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. उतरायला गेली तर ती ओरडली, "ए बेन, कामा पर ज बेस! नीचे नथी उतरवानुं." सुनंदा माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, ही खाटेला काय म्हणाली ऐकलंत? हा आमच्याकडचा शब्द. कार्ड द्या, अण्णाला विचारते. त्याला बरं वाटेल, पट्टीत पडल्यापडल्या काहीतरी उद्योग." मी म्हटले, "विचारतेसच तर कुठून विचारतेस तेही लिही." तर म्हणाली, "तुम्हाला ना, काही कळत नाही." त्या दिवशी ती बरीच हसली. इस्पितळात हसली ती तेव्हाच.

हे कधीतरी अण्णांना सांगायचे आहे. केव्हा सांगता येईल ते कळव.

विनायक

*

मडगाव
१६ ऑक्टोबर १९६९

चि. सौ. सुनू हिस आशीर्वाद.

पट्टी सुटली. डोळ्यावर हिरवी झापड आहे आणि जग पाण्याखालचे दिसते. चष्मा दिवाळीच्या सुमारास. उज्ज्वला समोर बसून हे लिहिते आहे, तिचा चेहरा मला नुसता पांढरा गोळा दिसतो. मी तिला म्हटले, "तू हसतेस की रडतेस तेही कळत नाही बघ." तर म्हणाली, "हसते."

विनायकरावांचे पत्र ऐकले. मोठे झाले हो, माझ्या टोमण्याचा गुण! पण तुझी एक ओळ नाही. हात मुरगळला म्हणून महिनाभर? डाव्या हाताने काढ दोन अक्षरे. शाळेत डावखुरी म्हणून मार खायचीस, ती विद्या आता कामाला येऊ दे.

की रागावली आहेस? तू शब्द विचारलास आणि मी आधी ऑपरेशन, मग शब्द, असे केले म्हणून? तुझे काही सांगता येत नाही. नथीचा आकडा हरवला म्हणून अख्खी दिवाळी माझ्याशी बोलली नव्हतीस. सरहद्द बंद होती तेव्हा वर्षानुवर्षे तुझे अक्षर दिसले नाही, पण तेव्हा मी तक्रार केली नाही. तेव्हा आपल्यामध्ये दोन सरकारे होती. आता कोण आहे?

बरे, बोलू नकोस. मी कोर्टातला माणूस आहे. भाऊबीजेची मनिऑर्डर या महिनाअखेरीस टाकतो, तुझ्या नावाने. पोचपावतीवर तुला सही करावीच लागेल, आणि ती पावती पोस्ट मला आणून देईल. चष्मा आल्यावर पहिले ते अक्षर बघतो.

तुझा,
अण्णा

*

(त्याच पाकिटात, पेन्सिलीने)

काका, मनिऑर्डर टाकू नका म्हणायला मला कारणच सापडले नाही. प्रकाश म्हणतात, काकांनी सही करून घेतली तर दिवाळी पार पडेल, मग चष्मा आला की दोघे मिळून सांगू. मला आता त्यांच्यासमोर बसवत नाही. काय करायचे ते तुम्ही बघा. — उ.

*

सुरत
५ नोव्हेंबर १९६९

चि. सौ. उज्ज्वला हिस,

हे पत्र हातात पडताच, उभ्या उभ्या वाच आणि अण्णांना सांग. चष्म्याची वाट पाहू नकोस. मनिऑर्डर परत येते आहे.

आज सकाळी धुडकू टपालवाला आला. तो धुळ्याकडचा, आमच्या गल्लीत बरीच वर्षे टपाल वाटतो, सुनंदाला वहिनी म्हणे. तिच्या दहाव्यालाही येऊन गेला होता. फॉर्म काढून तो दारातच थांबला. म्हणाला, "दादा, वहिनीना नावनी शे. सही वहिनीचीच लागते." मी म्हटले, "मग?" तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "तुम्हीच करा ना दादा. कोन देखस? मी काई बोलाव नही."

तो माझ्या भल्यासाठीच म्हणत होता. मी पेन घेतले. प्रकाशचे म्हणणे माझ्या ध्यानात होते. तिची सही मी इतकी वर्षे पाहिली आहे, 'सु'च्या उकाराला ती मोठा झोका देत असे. फॉर्म भिंतीला लावला. तिचे नाव माझ्याच्याने लिहवले नाही. कितीतरी वेळ गेला. खालून जरीवाल्यांची सून वर आली आणि आम्हाला तसे पाहून परत खाली गेली. धुडकू म्हणाला, "राहू द्या दादा." मी विचारले, "माझ्या नावाने घेता येईल?" तर म्हणाला, "नही. मग परत जाई. मन्हा हातमा काई नही." कारण लिहावे लागते, ते त्याने लिहिले.

तो गेल्यावर मला कळले की मी काय केले. धावत पोस्टात गेलो. मनिऑर्डर थांबवता येते का विचारले. साहेबांनी नाही म्हणून सांगितले. तार करावी म्हणून फॉर्म घेतला, पण तारेत हे कसे सांगायचे आणि तार आली तर ती कोण घेणार, अण्णाच दारात असले तर? म्हणून पत्रच टाकतो आहे. ते मनिऑर्डरीच्या आधी पोचावे.

विनायक

*

मडगाव
१५ नोव्हेंबर १९६९

रा. रा. विनायकराव यांस,

हे अक्षर माझे आहे. ओळी वरखाली जातील.

सोमवारी सकाळी उज्ज्वला विहिरीवर होती. मी पडवीत चष्मा लावून बसलो होतो. पोस्टमन आला. "बाब, मनिऑर्डर परत आयल्या." मी कारण विचारले, "कित्याक?" त्याने कागद पुढे केला. मी तो हातात घेतला. तांबड्या शाईत एक शब्द होता. मी वाचला. तुमचे पत्र दुसऱ्या दिवशी आले.

उज्ज्वला विहिरीवरून आली, मला पाहिले आणि कळशी खाली ठेवली. पहिल्यांदा मी तिला एवढेच विचारले, "कधी?" तिने दिवस सांगितला. म्हणजे मी वाळूच्या पिशव्यांत डोके ठेवून बिशपाची थट्टा करीत होतो तेव्हा तिचा तेरावासुद्धा होऊन गेला होता. तुम्ही लिहिलेत, पत्र मोठ्याने वाचले, मध्ये कोणी बोलले नाही. ते पत्र मी काढून पुन्हा वाचले. विनायकराव, पापड लाटण्याचा विनोद तुम्ही कोणाला वाचून दाखवलात?

त्या पोरीवर मी रागावलेलो नाही. दोन महिने ती माझ्यासमोर हसत राहिली, आता तापाने पडली आहे. प्रकाश ऑफिसला जात नाही, माझ्या नजरेला नजरही देत नाही. माझ्या डोळ्यासाठी केले म्हणतात. डोळा राहिला, हे खरे आहे.

भटजींना बोलावून विचारले. म्हणाले, लग्न झालेली बहीण गेली तर भावाला तीन दिवसांचे सुतक. ते दिवस उलटून गेल्यावर कळले तर सुतक नाही, नुसते स्नान. मी म्हटले, "माझ्याकडून तीन दिवस धरू द्या." म्हणाले, "शास्त्रात नाही ते कसं धरणार?" विहिरीवर गेलो. प्रकाशने कळशी ओतली. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचे नाही म्हणून तो मानेखालीच ओतत होता. तेवढ्यात झाले. बाहेर आलो तर चूल पेटलेली होती आणि नेहमीसारखा भात शिजत होता.

डॉक्टर आता म्हणतो, रडायला हरकत नाही. मी दोनदा बसून पाहिले. येत नाही.

उज्ज्वलाला तुम्ही लिहिलेले सगळे मी वाचले. शब्द कुठून आला ते कळले. आता मला एकच विचारायचे आहे, आणि तुम्ही शेरा मारल्यासारखे उत्तर देऊ नका. आमच्या घरात माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवट जवळ आला की खाली घेतात, जमिनीवर. आमच्या आईला मी स्वतः खाली घेतले होते, सुनूने पाय धरले होते. सुनूला खाली घेतले होते का? तुम्ही तिथे होतात.

अनंत वागळे

*

सुरत
२२ नोव्हेंबर १९६९

ती. अण्णा यांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र आले त्या दिवसापासून रोज उत्तर लिहायला घेतो. आज पुरे करतो.

खाली घेतले होते असे लिहिणे सोपे होते. इथे तपासायला तुम्ही येणार नव्हता. पहिल्या कागदावर मी तसे लिहिलेही, आणि तो कागद टाकून दिला.

त्या सकाळी डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता काही उपाय नाही. मी म्हटले, "घरी नेऊ का?" ते म्हणाले, "वाटेतच जातील. राहू द्या." मग मी त्या दमणच्या नर्सकडे गेलो आणि सांगितले, आमच्यात खाली घेतात, मला हिला खाली घेऊ द्या. मला वाटले होते ती नाही म्हणेल. ती नाही म्हणाली नाही. मी घरून आणलेली चादर तिने माझ्या हातातून घेतली, घडी उलगडून पाहिली, ठीक आहे म्हणाली. पण त्याच वेळी सफाईवाली फडके मारून गेली होती. सबंध वॉर्डची फरशी ओली होती, फिनेलचा वास येत होता. नर्स म्हणाली, "भाई, भीनुं छे. सुकावा दो. पछी आपणे बेउ मळीने लई लईशुं." ओले आहे, वाळू द्या, मग आपण दोघे मिळून घेऊ.

मला ते बरोबर वाटले. तिला ओल्यावर कसे ठेवायचे? तिला थंडी सोसत नव्हती. मी चादर काखेत धरून खाटेपाशी उभा राहिलो आणि फरशी वाळण्याची वाट पाहू लागलो. खिडकीजवळची आधी वाळली. तिच्या खाटेकडे उजेड येत नव्हता, तिथे वेळ लागत होता. मी एकदा वाकून हात लावून पाहिला. ओलीच होती. त्या वेळात मी तिच्याकडे बघण्यापेक्षा फरशीकडेच जास्त बघत होतो. मग नर्स आली, सुनंदाच्या मनगटाला हात लावला, आणि तिचे डोळे मिटवले.

ती खाटेवर गेली. फरशी पुरती वाळली नव्हती तरी मी आणि त्या नर्सने तिला नंतर खाली घेतले. त्याला अर्थ नाही असे भटजी म्हणाले. त्यांनी त्याबद्दल काही विधी सांगितला, तो मी केला.

चादर घालायला काय हरकत होती, असे मला नंतर सुचले. दुहेरी घडी करून घातली असती तर ओल वर आली नसती. त्या वेळी सुचले नाही. हे मी कोणालाही सांगितलेले नव्हते. तुम्ही विचारलेत म्हणून लिहिले. विचारले नसते तर सांगितले असते की नाही, मला सांगता येत नाही.

तुमच्या बिशपाचे पत्र मी कोणाला वाचून दाखवले, असे तुम्ही विचारले आहे. घरात कोणी नव्हते. रात्री दाराला कडी घालून वाचले. ती असती तर पापडाशी हसली असती, तिथे मी थांबलो होतो. उत्तर म्हणून एवढेच आहे.

तीन दिवसांचे मला समजते. माझ्याकडून शास्त्राप्रमाणे सगळे झाले, दहा, बारा, तेरा, आणि तुमच्या वाट्याला अर्धी कळशी आली. यात काय करता येईल ते मला सुचत नाही. तुम्हाला सुनंदाबद्दल सांगत राहावे, एवढेच मला करता येईल. तिचे लहानपण तुमच्याकडे आहे, इकडची वर्षे माझ्याकडे. तुम्ही विचारत जा, मी लिहीत जाईन. मला आपणहून लिहिता येत नाही.

उज्ज्वलाचा ताप उतरला का, ते कळवावे. तिला सांगावे की तिचे काही चुकले नाही. प्रकाशलाही.

कोपऱ्यावरच्या चक्कीत सकाळी गहू टाकले आहेत. चक्की सातला बंद होते आणि उद्या रविवार आहे. जाऊन पीठ घेऊन येतो.

आपला,
विनायक